मनूचा मासा आणि आमची दोन फुटी टाकी



होटगीच्या या वाचनालयात आम्ही तिसऱ्यांदा उभे आहोत. पहिल्या वेळी स्थितप्रज्ञावर बोललो, दुसऱ्या वेळी चार्वाकावर. यंदा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला, "सर, तुम्हाला मत्स्यावतार म्हणायचंय का?" आम्ही म्हटलं, मत्स्यावतारही येईल, पण विषय टाकीचाच आहे. घरात मोठा मासा पाळायचा असेल तर टाकी केवढी घ्यावी. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं यावर का बोलावं, ते पुढं कळेल. आमच्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही, एवढं आत्ता पुरे.

सुरुवात मनूपासून करू. शतपथ ब्राह्मणात ही गोष्ट येते. मनूला सकाळी हात धुवायला पाणी आणून दिलं, त्यात एक इवलासा मासा त्याच्या हाती लागला. मासा म्हणाला, मला सांभाळ, पुढं मी तुला तारीन. आता पुराची आणि नावेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण मधला भाग आपण घाईनं ओलांडतो. मनू विचारतो, तुला सांभाळायचं कसं? आणि मासा टप्पे सांगतो. लहान आहे तोवर मडक्यात ठेव, मडकं अपुरं पडलं की खड्डा खण आणि त्यात ठेव, खड्डाही पुरेनासा झाला की समुद्रात सोड. महाभारताच्या वनपर्वात हीच कथा आहे, तिथं रांजण, मग मोठी वापी, मग गंगा, मग समुद्र. मत्स्यपुराणात तर कमंडलूपासून सुरुवात होते. भांडी बदलतात, क्रम मात्र तोच.

आम्हाला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं? मासा पहिल्याच दिवशी, बोटाएवढा असतानाच, सांगून टाकतो की मी वाढणार आहे. मनूची टाकी कधी चुकली नाही, कारण त्याचा मासा बोलत होता. आपला मासा बोलत नाही. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तो दोन इंचांचा दिसतो आणि आपण दोन इंचांच्या माशासाठी टाकी घेतो. ॲरिस्टॉटल वर्गात शिकवताना आम्ही दरवर्षी सांगायचो की वस्तू आज जी आहे तेवढीच नसते, ती जे होऊ शकते तेही तिच्यात असतं. बीजात वृक्ष वगैरे. फळ्यावर लिहून द्यायचो, मुलं उतरवून घ्यायची. पिशवीतला मासा बघताना मात्र आमच्या ते डोक्यात आलं नाही.

नातवाच्या वाढदिवसाला सोलापुरातून एक ऑस्कर मासा आणला. काळपट अंगावर तांबूस नक्षी, डोळे टपोरे. मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. नातवानं नाव ठेवलं भीम. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी मावेल अशी. दुकानदाराला विचारलं, एवढी पुरेल ना? तो म्हणाला, "पुरतेच की सर. मासा टाकीएवढाच वाढतो." आम्हाला ते वाक्य फार आवडलं. निसर्गाचा केवढा समजूतदारपणा! घरी येऊन दोघातिघांना सांगितलंसुद्धा.

हे वाक्य खोटं आहे. ते गावोगावच्या दुकानांत ऐकू येतं आणि त्यानं जितके मासे मारले असतील तितके कुठल्या रोगानं मारले नसतील. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते, हे खरं. पण ती खुंटते ती घाणीमुळं आणि कोंडीमुळं. पाण्यात त्याचीच विष्ठा साठत राहते, हालचालीला जागा नसते. पाठ वाकते, भूक मंदावते, आयुष्य कमी होतं. दुष्काळात वाढलेलं पोर ठेंगणं राहिलं तर ते घराच्या मापाचं झालं असं आपण म्हणतो का?

भीम वाढलाच. वर्षभरात दहा इंच झाला. ऑस्कर मासा माणूस ओळखतो बरं का. आम्ही खोलीत आलो की काचेशी येऊन तोंड उघडमीट करायचा, आमच्या सौ. आल्या की जास्तच, कारण खाऊ त्या घालायच्या. सुरुवातीला सोबतीला चार गप्पी सोडले होते, ते आठवड्यात गायब झाले. मत्स्यन्याय आम्ही कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून शिकवत होतो, तो घरात पाहिला. असो.

आता थोडं गणित करू, कारण खरी चूक गणिताची आहे. हौशी लोकांत एक जुना ठोकताळा आहे, माशाच्या एका इंचाला एक गॅलन पाणी. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर धरा. आमची दोन फुटी टाकी दोन घनफुटांची. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५६ लिटर. खाली वाळू, वर मोकळी जागा सोडून ४५ लिटर. म्हणजे बारा गॅलन. ठोकताळ्याप्रमाणं यात एकेक इंचाचे बारा मासे चालतील, किंवा बारा इंचांचा एक मासा चालेल. ऐकायला बरोबर वाटतं ना?

पण बारा इंची मासा फक्त लांबीला बारा पट असतो का? तो रुंदीलाही बारा पट असतो आणि जाडीलाही. बारा गुणिले बारा गुणिले बारा, १७२८. म्हणजे एका बाजूला एक इंची बारा मासे आणि दुसऱ्या बाजूला त्याच आकाराच्या १७२८ माशांएवढं वजन, आणि ठोकताळा म्हणतो की पाणी दोघांना सारखंच! छोट्या माशांपुरता तो हिशेब कसाबसा चालतो, मोठ्या माशाला लावला की थेट आपत्ती. आमचा भीम दोन इंचांचा आला होता. बारा इंचांचा झाला असता तर लांबी सहा पट, वजन २१६ पट. आणि माशाचं खाणं, श्वास, विष्ठा हे सगळं वजनाच्या मागं जातं, लांबीच्या नव्हे.

लांबी आणि वजन वेगवेगळ्या गतीनं वाढतात हे गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या ग्रंथात हाडांची उदाहरणं देऊन मांडलं. पुढं १९२६ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी प्राण्यांच्या योग्य आकारावर एक सुंदर निबंध लिहिला. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. तो निबंध आम्ही तीनदा तरी वाचला असेल. वाचलेलं वेळेला आठवत नाही, हा प्राध्यापकांचा जुना आजार.

तर पाणी जास्त का लागतं? लोकांना वाटतं पोहायला. पोहायला लागतंच, पण त्याआधी ते लागतं घाण विरळ करायला. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. टाकीतल्या दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू काही जिवाणू वसती करतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं त्या मानानं सौम्य, आणि ते पाणी बदलून काढायचं. ही जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आणि मासा एकाच दिवशी आणू नये. आणि वसाहत बसली तरी ४५ लिटरमध्ये अर्ध्या किलोच्या माशाची घाण ती किती पेलणार? आपल्या भागातलं बोअरचं पाणी बहुधा जड, क्षाराचं. अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, उन्हाळ्यात आणखी. भीमच्या डोक्यावर बारीक खड्डे पडायला लागले होते. ऑस्करमध्ये हा रोग ठाऊक असलेला आहे आणि खराब पाण्याशी त्याचा संबंध लावतात. आम्हाला वाटलं वयोमानानं असेल. दीड वर्षाच्या माशाचं वयोमान!

दुसरी गोष्ट प्राणवायूची, आणि इथं सोलापूरकरांनी कान देऊन ऐकावं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागं सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि त्याच वेळी गरम पाण्यात माशाचं शरीर जास्त वेगानं चालतं, म्हणजे त्याला प्राणवायू जास्त लागतो. उत्पन्न घटतं आणि खर्च वाढतो. पुण्या-मुंबईचं पुस्तक किंवा परदेशातला व्हिडिओ बघून टाकी ठरवायची नाही ती यासाठी. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. मोठी टाकी हळू तापते, हळू निवते. लहान टाकी दुपारपर्यंत चुलीवर ठेवल्यासारखी होते.

मे महिन्यातच एका दुपारी वीज गेली. चार तास आली नाही. हवेचा पंप बंद, फिल्टर बंद. आम्ही आत खोलीत ओला पंचा अंगावर टाकून झोपलो होतो. संध्याकाळी उठून बाहेर आलो तर भीम आडवा होऊन पाण्यावर तरंगत होता. चार फुटी टाकी आम्ही सांगून ठेवलेली होती. आधी नातवाची परीक्षा, मग लग्नसराई, मग स्टँड करणारा गावी गेलेला, असं करत करत आम्हीच पुढं ढकलत होतो. नातू शाळेच्या सुट्टीत घरातच होता. त्यानं एवढंच विचारलं, "आजोबा, टाकी येणार होती ना?"

आम्ही काही उत्तर दिलं नाही.

तर मंडळी, आता मापं सांगतो. हा भाग लिहून घ्या.

पहिला प्रश्न दुकानात हा विचारायचा, की पूर्ण वाढ झाल्यावर हा मासा किती होतो? आज किती आहे ते डोळ्यांना दिसतंच. दुकानदाराच्या उत्तरावर न थांबता घरी येऊन शोधायचं आणि मग दुसऱ्या दिवशी घ्यायचा. एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. मग त्या पूर्ण लांबीवरून टाकी काढायची. लांबी माशाच्या निदान चौपट आणि रुंदी दीडपट. रुंदी का? कारण माशाला अंग न दुमडता वळता आलं पाहिजे. आमची टाकी एक फूट रुंद आणि भीम दहा इंच. शेवटच्या महिन्यांत तो वळताना शेपूट एका काचेला आणि नाक दुसऱ्या काचेला लागायचं. लोक लांबी बघतात, रुंदी कुणी बघत नाही.

उंची सगळ्यात शेवटी. दुकानात उंच टाक्या शोभिवंत दिसतात, कोपऱ्यात बसतात, म्हणून खपतात. पण हिशेब करा. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, ही झाली नऊ घनफूट. दोन फूट लांब, दीड रुंद, तीन फूट उंच, हीसुद्धा नऊ घनफूट. पाणी दोन्हींत सारखंच, २५५ लिटर. पण हवेला लागलेला पाण्याचा पृष्ठभाग पहिलीत सहा चौरस फूट आणि दुसरीत तीनच. प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः या पृष्ठभागातून. शिवाय मासा आडवा पोहतो, लिफ्टमधून वर-खाली करत नाही.

या हिशेबानं एका ऑस्करला चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड ते पावणेदोन फूट उंच टाकी. २५५ ते ३०० लिटर. दोन असतील तर सहा फुटी. फ्लॉवरहॉर्न, तो डोक्यावर टेंगूळ असलेला, वास्तूच्या नावाखाली खपतो, त्यालाही हेच माप, आणि तो एकटाच ठेवावा लागतो, फार भांडकुदळ. हा निसर्गातला मासाच नव्हे, मलेशियात १९९० च्या दशकात संकरातून तयार केलेला आहे. त्याच्या टेंगळानं कुणाचं भाग्य उजळलं असेल तर दुकानदाराचं.

ॲरोवाना मात्र वेगळं प्रकरण. स्वस्तातला चंदेरी ॲरोवाना पेन्सिलीएवढा विकत मिळतो आणि तीन फूट होतो. जाणकार त्याला कमीत कमी आठ बाय तीन फुटांची टाकी सांगतात, आणि आम्ही सांगितलेल्या मापानं तीही तोकडीच. अडीच फूट उंची धरली तर साठ घनफूट, सतराशे लिटर. वर भक्कम झाकण, कारण नदीत हा मासा पाण्याबाहेर उसळी घेऊन फांदीवरचे किडे पकडतो. दिवाणखान्यात फरशीवर येऊन पडेल.

मग 'शार्क' म्हणून विकतात तो. तो शार्क नाही, आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला पंगस मासा आहे, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच. चार फूट वाढतो, कळपानं राहतो, आणि इतका भित्रा की कुकरची शिट्टी झाली की काचेवर जाऊन आपटतो. काच साफ ठेवतो म्हणून देतात तो सकर मासा दीड फूट होतो. लाल शेपटीचा कॅटफिश चार फुटांच्या पुढं जातो. ॲलिगेटर गार हा उत्तर अमेरिकेतला मगरतोंड्या मासा, मोठा झाला की माणसाहून लांब आणि शंभर किलोंहून वजनदार. या शेवटच्या दोघांना घरात पुरेशी टाकी अस्तित्वातच नाही. केवढी घेऊ, याचं उत्तर इथं 'मासाच घेऊ नका' हे आहे, आणि आमच्या मते हेही टाकीचंच उत्तर आहे. कोई आणि लांब अंगाचे गोल्डफिश यांना हौद पाहिजे, वस्तीवर विहिरीकाठी असतो तसा, तीन-चार फूट खोल, अर्ध्यावर सावली.

आता घराकडं या. पाणी लिटरला किलो. चार फुटी टाकी काच, स्टँड, दगड धरून सव्वातीनशे किलोच्या पुढं जाते. सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी, त्यात ६८० लिटर पाणी, सगळं मिळून आठशे-साडेआठशे किलो. राहत्या खोलीचा स्लॅब आपल्या भारतीय मानकाप्रमाणं चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून काढतात. ही टाकी एका चौरस मीटरला सातशेच्या वर भार देते. म्हणून मोठी टाकी तळमजल्यावर. वर ठेवायचीच असेल तर इंजिनियरला विचारून, तुळईवर येईल अशी भिंतीलगत. माळवदाच्या जुन्या घरात माडीवर अजिबात नाही, तिथं माशांआधी आपण खाली याल. टाकीखाली थर्मोकोल घाला, पाणसळ लावून स्टँड समपातळीत करा. दीड फूट उंचीला आठ मिलिमीटर काच, सहा फूट लांब दोन फूट उंच असेल तर बारा. काचेत काटकसर नको. टाकीतलं पाणी तासाला पाच-सहा वेळा फिल्टरमधून गेलं पाहिजे, म्हणजे चार फुटी टाकीला तासाला पंधराशे लिटरचा पंप. आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असायलाच हवा. तो तीन-चारशे रुपयांत मिळतो. आम्हाला नंतर कळलं.

पाण्याचा मुद्दा आम्ही मुद्दाम मागं ठेवला होता. आठवड्याला पाव ते तीस टक्के पाणी बदलायचं असतं. चार फुटीला पंचाहत्तर लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पाच घागरी. सहा फुटीला दोनशे लिटर, तेरा घागरी. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ज्या घरात आई पहाटे उठून पिंपं भरते, तिथं तेरा घागरी माशाला द्यायच्या का? हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही. काढलेलं पाणी झाडांना घालता येतं, त्यातलं नायट्रेट हे खतच आहे; आमच्या जास्वंदीला एवढी फुलं आधी कधी आली नव्हती. पण त्या घागरी कोण उचलणार हे मासा आणण्याआधी घरात बसून ठरवा. बहुधा ज्यानं मासा आणला तो उचलत नाही. आमच्या घरी आमच्या सौ. उचलत होत्या.

इटलीत मोंझा नावाचं शहर आहे. तिथं २००४ मध्ये गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवायला बंदी घातली. कारण काय दिलं? वक्र काचेतून माशाला बाहेरचं जग वाकडं दिसतं, हे क्रौर्य आहे. स्टीफन हॉकिंग आणि लेनर्ड म्लोडिनोव यांनी २०१० च्या पुस्तकात याच बंदीपासून सुरू करून विचारलं, की आपल्याला तरी जग सरळ दिसतं हे कशावरून? आम्ही वर्षानुवर्षं प्लेटोची गुहा शिकवली, आम्हाला हा प्रश्न गोड वाटणारच. पण भीम गेल्यावर आमचं मत बदललं. माशाला वास्तव वाकडं दिसतं की सरळ, ही चैन आपली आहे. त्याला छळतो तो अमोनिया आणि उथळ श्वास. बंदी योग्यच होती, कारण चुकलं. ब्रिटनमध्ये जत्रेत १९५६ मध्ये जिंकलेला एक गोल्डफिश १९९९ पर्यंत, त्रेचाळीस वर्षं जगल्याची नोंद आहे. आपल्याकडं दिवाळीला आणलेला होळी बघत नाही.

आता आमची दुसरी गोष्ट. भीम जाण्याच्या पाच महिने आधीची. टाकी अपुरी पडतेय हे तोवर दिसत होतंच. आमच्या मनात आलं, मनूनं शेवटी मासा समुद्रात सोडला, आपण होटगीच्या तलावात सोडू. पुण्यही लागेल. डिसेंबरची संध्याकाळ, पाहुणे पक्षी उतरलेले, आम्ही बादली घेऊन काठानं निघालो. महाभारतात म्हटलंय की एवढा प्रचंड मासा, पण मनूला वाहून नेताना सुखाचा वाटला. आमच्या बादलीतलं निम्मं पाणी भीमनं आमच्या धोतरावर सांडलं होतं. काठावर जाळं आवरत एक गृहस्थ बसले होते. "कुठं चाललाव सर? बादलीत काय हाय?" सांगितलं. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो आपल्या पाण्यातला न्हाई. काय खातो ह्यो?" आम्ही म्हटलं, लहान मासे. ते हसले. "मग आमी काय खावं? उजनीत चिलापी हाय बघा सगळीकडं. ती बी पयल्यांदा कुणीतरी अशीच आणली असंल की."

चिलापी, म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतला मासा, १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आज उजनीच्या जाळ्यांत तिचंच राज्य आहे. सकर माशानंही देशातल्या कितीतरी तळ्या-नद्यांत ठाण मांडलंय. तो काठ पोखरतो, त्याच्या खवल्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरातही ॲलिगेटर गार सापडले. अमेरिकेतून ते पोहत आले नव्हते. कुणाच्या तरी दिवाणखान्यातली टाकी अपुरी पडली होती.

मनूला समुद्र होता, कारण त्याचा मासा तिथलाच होता. आपल्याला तो शेवटचा टप्पा उपलब्ध नाही. म्हणून आपली टाकी पहिल्याच दिवशी शेवटच्या मापाची लागते. आम्ही बादली घेऊन परत फिरलो आणि दुसऱ्याच दिवशी चार फुटी टाकी सांगितली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मोठा मासा जवळून बघायची हौस असेल तर महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला जा, किंवा वाड्याजवळ वैतरणेवर तिळश्याला. देवाचे मासे म्हणून तिथं कुणी मारत नाही. हातभर लांबीचे महसीर तुम्ही टाकलेल्या चुरमुऱ्यांसाठी वर येतात. टाकी नदीएवढी, पाणी बदलायचं काम पावसाचं.

प्रश्न घेतो. मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. "मुलानं हट्टानं ॲरोवाना आणलाय, आत्ता सहा इंच आहे, टाकी तीन फुटी आहे. काय करू?" ताई, मुलाला घेऊन दुकानात जा आणि याच महिन्यात परत करा. आज तो दुकानदार घेईल, दीड फुटांचा झाल्यावर घेणार नाही. पैसे कमी देईल, देऊ द्या. तळ्यात सोडू नका. आणि मुलगा रडला तर आमची चार फुटी टाकी रिकामी आहे. भीम गेला त्यानंतर नऊ दिवसांनी ती आली. काच आठ मिलिमीटरची, स्टँडसकट देतो. तिच्यात बारा-पंधरा छोटे मासे आयुष्यभर सुखानं राहतील. फक्त आधी महिनाभर ती नुसतं पाणी घालून, फिल्टर चालू ठेवून, रोज चिमूटभर खाऊ टाकून ठेवायची, म्हणजे जिवाणू बसतील. न्यायला चार माणसं आणा, जड आहे.